हाकण्याजोगी गाडी

शके १८३२, माघ शुद्ध तृतीया, सकाळचे सात. त्या वेळी मी छकडा जुंपला, माझ्या पत्नीला त्यात निजवले आणि कुंभारवाड्याकडून जोयड्याची वाट धरली. तिथी आणि वेळ मला पक्की आठवते. आदल्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला होता आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येणार होता. एकांतरा ताप आपली पाळी चुकवीत नाही. मधला एक दिवस मोकळा सोडतो. तो दिवस मला मिळाला होता, आणि सूर्य मावळण्याच्या आत रानातली वाट संपवायची होती.

माघ लागला की उळवीच्या जत्रेच्या गाड्या अजूनही आमच्या दारावरून जातात. सुगी आटोपलेली असते. खळ्यावर तूस उरतो, पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात, रानात पानगळ सुरू होते आणि सावरीला तांबडी फुले येतात. सकाळच्या धुक्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज गाडीच्या आधी पोचतो. लोक म्हणतात, वर्षातले हे दिवस सर्वांत सुखाचे. मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. पण आसाचा करकर आवाज कानी आला की माझे हातातले काम थांबते. चाक कशावर चढले हे मला बसल्या जागी कळते, आणि ते खाली उतरेपर्यंत माझा श्वास अडकून राहतो. इतकी वर्षे झाली, ही खोड गेलेली नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात एक डॉक्टर दौऱ्यावर आले होते. मी मराठी शाळेत शिकवीत असे, म्हणून त्यांचा मुक्काम शाळेतच होता. शाळेच्या पडवीत त्यांनी माझ्या पत्नीचे, सत्यभामेचे, पोट चाचपून पाहिले. आमच्या रानात हिवताप घरोघर असे आणि ज्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली नाही असा माणूस विरळा. तिची पानथरी बेंबीपर्यंत उतरली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेळगावला न्या. तापावर कोयनेल मी देतो, पण तेवढ्याने भागणार नाही. आणि नेताना जपा. इतकी वाढलेली पानथरी एका दणक्याने फुटते. फुटली, तर मी शेजारी उभा असलो तरी माझ्या हातून काही होणार नाही."

घरी परतताना तिने विचारले, "काय म्हनला वो डाक्टर?"

"दणका बसू द्यायचा नाही म्हणाले."

ती थोडी चालली, थांबली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे फणस हाय म्हना पोटात. फणस दोर लावून उतरवत्यात, आपटत न्हाईत. तसं उतरवा मला बेळगावात."

लोंढ्याला आगगाडी मिळत होती. तिथून बेळगाव जवळ. प्रश्न लोंढ्यापर्यंतच्या वाटेचा होता, आणि त्यातही जोयड्यापर्यंतच्या वाटेचा. जोयड्यापुढे सडक बरी होती. अलीकडे नुसते रान. मुळे, दगड, ओढे, आणि लाकडाच्या गाड्यांनी वर्षानुवर्षे खोल पाडलेली चाकोरी.

माझे थोरले भाऊ, अण्णा, घराचे कर्ते होते. त्यांनी विषय एका वाक्यात संपवला. "डोली करू. चार माणसं मी बघतो."

सत्यभामा अण्णांशी समोरासमोर बोलत नसे. आमच्याकडची रीत तशी. ती दाराआड उभी राहून माझ्याशी बोले, पण आवाज अण्णांना पुरेल इतका असे. ती म्हणाली, "भावजींना सांगा, चार खांद्यांवर मी एकदाच जाणार हाय. त्येला अजून वेळ हाय."

अण्णा मला म्हणाले, "तिला इचार, देवाची पालखी आणू काय मग?"

"गाडी आणा म्हनावं."

"गाडी दारात हाय की!"

"त्यो गाडा हाय. त्यात वासं जात्यात, मानसं न्हाईत."

तिचे खरे होते. आमचा गाडा भात आणि लाकूड वाहण्यासाठी केलेला. चाके बुटकी, जाड, अंग जड. खड्डा आला की तो पूर्ण खाली जाई आणि दगड आला की पूर्ण वर येई. मधले काही त्याला ठाऊक नव्हते. आणि डोलीची गोष्ट बोलून सुटण्यासारखी नव्हती. आमच्याकडे डोलीतून गेलेली माणसे बहुधा परतली नव्हती. ती आधीच हाताबाहेर गेलेली असत, हे मला कळत होते. तरी मलाही ती डोली नकोशी वाटत होती.

शेवटी अण्णा नमले, पण अटी घालून. "गाडी घ्यायची तर ती घरची होऊन राहिली पायजे. भामा बरी होऊन आली की त्यात भाताची पोती गेली पायजेत. जत्रेला बायकापोरं गेली पायजेत. आन् आपल्याच बैलांनी ती वढली पायजे, त्येंनाच पुन्हा चिखलात नांगराला बी जायाचं हाय. नुसती मिरवायची गाडी मला दारात नगं." या अटी शहाण्या माणसाच्या होत्या. त्या मी आजही खोडून काढणार नाही. एवढेच की त्यांत गाडी हाकणाऱ्याचा उल्लेख नव्हता.

गाडीची परीक्षा कशी घ्यायची, हे सत्यभामेने सांगितले. आदल्या संध्याकाळी तिने लहान मडक्यात दही लावले आणि सकाळी ते माझ्यापुढे ठेवले. "हे गवतावर ठिवा आन् हाका. दही मोडलं न्हाई तर मी बी मोडणार न्हाई."

पहिल्यांदा आमचाच गाडा जुंपून पाहिला. ओढ्यापर्यंत पोचण्याआधी मडक्यात ताक झाले होते. ते आम्ही दुपारी भातावर घेतले.

बैल घेऊन मी खानापूरला गेलो. जोडी जुंपून पाहिल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, असे अण्णांनी बजावले होते. तिथले एक भुसार व्यापारी मूळचे आमच्या रामनगरकडचे. त्यांनी नवा टांगा केला होता आणि जुनी दोन वाहने काढायची होती. एक सारवट, स्प्रिंगच्या कमानींवर बसवलेली, गादी-तक्क्यांची, वर छत. दुसरा छकडा. उंच चाके, बारीक आरे, बैठक दोरीने विणलेली, वर चटईची कमान. त्यांच्या घरून मी दह्याचे मडके मागून घेतले. शेटजींनी आधी ते देवाधर्माचे काही असेल असे समजून आदराने दिले. खरे कारण कळल्यावर ते ओटीवर बसून हसत सुटले.

"मास्तर, गाडी घ्यायला आलाय का ताक घुसळायला?"

मी सांगितले, दही मोडता कामा नये.

"मग सारवट घ्या! राणीनं बसावं अशी हाय. तुमची घरची मंडळी झोपून जातील आत."

सारवटीत बसल्याबरोबर मलाही तसेच वाटले. दगड लागला तरी तो अंगापर्यंत येत नव्हता. पण चाक चाकोरीत शिरले की कमानी डोलू लागत, आणि एकदा डोलू लागल्या की बैल थांबले तरी डोलणे थांबत नसे. दही एका अंगाने फाटले, बाजूला पाणी सुटले. आणखी एक गोष्ट मला खटकली. हाकताना खाली काय चालले आहे, याचा पत्ता लागत नव्हता. हातात कासरा होता, पण पलीकडून काही उत्तर येत नव्हते. आमचे ठेंगणे डोंगरी बैल ती जेमतेम ओढीत होते, तेही सपाटीवर.

छकडा आधी शेटजींच्या गाडीवानाने हाकून दाखवला. तो तरणा गडी भरधाव सुटला आणि मडके उलथता उलथता वाचले. दह्याचे तुकडे झाले.

"बघा," शेटजी म्हणाले. "छकडा म्हंजे चाकं न्हाईत, पाखरं हायती. आजारी मानसाला पाखरावर बसवताय व्हय?"

मी नवे मडके मागितले आणि कासरा स्वतः घेतला.

त्यानंतर जे झाले ते कमी शब्दांत सांगतो. आमचे बैल छकड्याखाली निराळेच चालू लागले. कासरा एक बोट ओढला की चाक तेवढेच वळे. दगड पुढे दिसला, की त्यावरून जावे, की कडेने, की बैलांना क्षणभर अडवून अलगद उतरावे, हे ठरवायला वेळ मिळे आणि ठरवलेले घडे. उंच चाक मुळावर चढताना मला बैठकीतून कळत होते, आणि चढून संपण्याआधीच मी उतरण्याची तयारी करीत होतो. फेरी पुरी झाली तेव्हा दह्यावर केसाएवढी एक रेघ उमटली होती. मी पुन्हा एक मडके मागितले. शेटजींच्या घरात आता मडके उरेल की नाही, यावरून आत बोलणे सुरू झाले होते. दुसऱ्या फेरीलाही दही टिकले.

तिसरी फेरी मी मडके न ठेवता मारली. तिला कारण नव्हते.

छकडा घेऊन परतताना ती तिसरी फेरी माझ्या मानगुटीवर बसली. मी ही गाडी कोणासाठी घेतली? दही टिकले ते गाडीमुळे, माझ्या हातामुळे, की मला ते टिकायला हवे होते म्हणून मी जास्त जपून हाकले? सारवटीला मी तेवढेच जपले होते काय? पस्तिशीच्या पुरुषाला आजारी बायकोसाठी गाडी निवडताना आनंद व्हावा, हे मला संशयास्पद वाटत होते. सडक चांगली होती, बैल डौलात चालले होते, लोंढ्याच्या बाजारातली माणसे वळून पाहत होती, आणि मी सुखात आहे हे लक्षात आले की प्रत्येक वेळी मी उगीच खाली उतरून आरे तपासत होतो.

जोयड्याच्या पुढे रानात शिरलो आणि तपासायचे काय राहिले होते ते कळले. छकडा एका अंगाला कलला.

आमच्या रानातल्या सगळ्या गाड्या एकाच मापाच्या. सुतार तेच, त्यांच्या बापांचेही माप तेच. दोन चाकांमधले अंतर किती, हा प्रश्न आमच्यात कोणी कधी विचारला नव्हता, कारण दुसरे अंतर कोणी पाहिलेच नव्हते. खानापूरचा छकडा आमच्या गाड्यांपेक्षा वीतभर अरुंद होता. एक चाक चाकोरीत गेले की दुसरे मधल्या उंचवट्यावर चढे. मी बैलांची ओढ पाहिली, आरे ठोकून पाहिले, दोर ताणून पाहिले, दही पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले. अंतर मोजायचे मला सुचले नाही. अण्णांनाही सुचले नव्हते, आणि गावातल्या कोणालाच सुचले नसते.

दारात अण्णा उभे होते. त्यांनी छकडा कललेला येताना पाहिला आणि कपाळाला हात लावला. "एक पाय पायरीवर ठिवून चालल्यागत चालतीया की ही! कुठनं आणलीस?"

सुताराकडे गेलो. तो आस बदलून देणार होता, पण जत्रेनंतर. उळवीला जाणाऱ्या गाड्यांची चाके त्याच्या अंगणात ओळीने पडली होती. एवढ्यात सत्यभामेला आणखी दोन पाळ्या ताप येऊन गेला. तिची नखे पांढरी पडली. जिना चढायचा नसूनही तिला दम लागू लागला.

या विषयाकडे मी आज का वळलो, तेही सांगून टाकतो. माझा थोरला मुलगा बेळगावात असतो. त्याला मोटार घ्यायची आहे. परवा तो आला तेव्हा सबंध संध्याकाळ त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. घरची सगळी माणसे मावली पाहिजेत, पेट्रोल कमी लागले पाहिजे, मोडली तर गावात दुरुस्त झाली पाहिजे. सगळे सांगून झाल्यावर त्याने जरा ओशाळून पुस्ती जोडली, "आणि बाबा, चालवायला मजाही आली पाहिजे. हे काही खरे कारण नव्हे म्हणा."

मी म्हटले, "खरे कारण आहे."

त्याला आश्चर्य वाटले. माझ्याकडून त्याला चार शब्द काटकसरीचे ऐकायचे होते. मी एवढेच सांगितले, की ज्या गाडीत चालवणाऱ्याचे मन लागत नाही, तिच्यात मागे बसलेली माणसे सुरक्षित नसतात. मग त्याने विचारले, हे तुम्हाला कसे माहीत? उशीर झाला, आता नीज, असे मी म्हटले. तो निजायला गेला. उत्तर मोठे होते आणि त्यातले अर्धे त्याच्या आईचे होते.

तर, आस बदलणे शक्य नव्हते. मग मी रोज शाळा सुटल्यावर रिकामा छकडा जुंपून वाटेवर जाऊ लागलो. चाकोरीत चालता येत नसेल, तर चाकोरीबाहेर कसे चालता येते ते पाहावे. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरे वाटेच्या कडेला, गवतावर. तेव्हा मला प्रथमच दिसले, की चाकोरीचा तळ वाटतो तसा सपाट नसतो. वर धूळ आणि पाने, खाली दगड आणि मुळांच्या गाठी. जड गाड्यांना त्याचे काही वाटत नाही. उंचवट्यावर मात्र माती मऊ होती. अडचण बैलांची होती. त्यांची उभी हयात चाकोरीशेजारून गेलेली. त्यांना वाट पाठ होती, आणि ते पावलापावलाला तिकडे ओढ घेत. आमच्या गाड्यात बसून मी कित्येकदा झोपलो आहे. बैल आपले आपण घरी येत. छकड्यात डोळा मिटणे शक्य नव्हते. हात सैल पडला की चाक घसरलेच.

आणि मग ती तृतीया आली.

गवताचा जाड थर, त्यावर गोधडी, कुशीला उशा. सत्यभामा निजली. दव पडत होते. चटईच्या कमानीतून मागची वाट दिसे. आम्ही गावाबाहेर पडलो आणि थोड्याच वेळात ती म्हणाली, "अवो, मागनं कोन येतंय?"

मी म्हटले, कोणी असेल रानात जाणारे.

"डोली घेऊन रानात जात्यात व्हय?"

अण्णांनी मला न विचारता चार माणसे आणि रिकामी डोली मागे लावली होती. स्वतःही बरोबर चालत होते. झाडाआड राहून यावे, असा त्यांचा बेत होता. पण पानगळीच्या रानात झाड काय लपवणार? ती मोठ्याने म्हणाली, "भावजींना सांगा, जवळ या म्हनावं. लांबनं बगितलं की गिधाडावानी दिसताय."

अण्णांनी ऐकले. ते हसले की खोकले ते मला कळले नाही, पण अंतर कमी झाले नाही. दिवसभर ती रिकामी डोली आमच्यामागे होती. मला मागे पाहायचे नव्हते, आणि दर वळणावर मी मागे पाहत होतो.

दुपार कलली. अवघड ओढे दोन्ही मागे पडले. पुढे एका खिंडीतून वाट जाते. एका हाताला दरड, दुसऱ्या हाताला उतार आणि खाली नाला. खिंडीच्या मध्यावर आलो आणि समोरून घुंगरे वाजली. जत्रेला अवधी होता, पण लांबच्या गाड्या लवकर निघतात. एकामागे एक, आठ-दहा गाड्यांची रांग.

आमच्याकडे एक नियम आहे. उळवीला जाणाऱ्या गाडीला कोणी चाकोरीतून उतरवीत नाही. समोरच्याने उतरायचे. गाड्याला चाकोरीतून काढायचे म्हणजे पहार लावून चाक उचलायचे आणि बाहेर आपटायचे. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

पहिल्या गाडीवर धारवाडकडचा एक म्हातारा होता. तो मराठी-कन्नड मिसळून ओरडला, "बाजूला, बाजूला! उळवीची गाडी हाय!" मग त्याला डोली दिसली. त्याने बैल थांबवले, पागोट्याला हात लावला आणि आवाज उतरवून विचारले, "मयत हाय काय?"

छकड्यातून उत्तर गेले, "अजून न्हाई, बाबा! नीट जाऊ दिलंसा तर व्हनार बी न्हाई!"

मागच्या गाड्यांवरून हसू उसळले. म्हातारा हसला नाही. "चाकोरी सोडता येत न्हाई, अव्वा. तू वरनं ये. आम्ही उभं ऱ्हातो," असे म्हणून त्याने मागे वळून हाक दिली, आणि रांगेतल्या सगळ्या गाड्या थांबल्या. घुंगरेही थांबली.

छकडा चाकोरीबाहेरच होता. काही उचलायचे नव्हते, काही आपटायचे नव्हते. फक्त उताराच्या कडेवरून, त्या सगळ्या गाड्यांच्या बाजूने, जायचे होते. आतले चाक त्यांच्या चाकांच्या तुंब्यांना, मधून बाहेर आलेल्या गड्ड्यांना, जवळजवळ घासत होते. बाहेरचे चाक गवताच्या काठावर होते. काठाखाली काय आहे ते मी पाहिले नाही. पाच-सहा गाड्या ओलांडल्या. पुढच्या गाडीच्या एका बैलाने मान झटकली, घुंगरू वाजले, आणि आमचा आतला बैल बिचकून बाहेर सरला. बाहेरचे चाक काठावरून निसटले. छकडा कलला. मी कासरा खेचला नाही. का नाही, ते आजही सांगता येणार नाही. मी तो एक बोट सैल सोडला आणि बैलाला नेहमीच्या आवाजात हाक दिली. त्याने एक पाऊल आत टाकले. चाक काठाला लागले, क्षणभर तिथेच राहिले, आणि सावकाश वर आले.

रांग संपली. मी मागे पाहिले नाही.

"आहेस का?"

"हाय."

वाट उतरणीची होती, उन्हात सावरीची फुले पडली होती. मग ती म्हणाली, "अवो, एक इचारू?"

"विचार."

"तुमास्नी मजा येतीया न्हवं?"

"नाही."

"खोटं. सकाळधरनं शीळ घालताय. गाड्या दिसल्या तवा थांबलात."

मला ते ठाऊक नव्हते. मी शीळ घालीत होतो, आणि मागे डोली येत होती. माझी मान वर होईना. मी म्हटले, आता नाही घालणार.

"घाला की," ती म्हणाली. "तुमी शीळ घालता तवा गाडी हलत न्हाई. गप बसलात की आरं-धाव सगळं बोलाय लागतंय, आन् मला भ्या वाटतंय."

महिनाभर मी ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो, त्याचे उत्तर मला त्या वाटेवर तिने दिले. निवड तिच्यासाठी होती की माझ्यासाठी, असा तो प्रश्न होता. तिला तो कधी पडलाच नव्हता. गोधडीवर पडून, पोटावर हात ठेवून, ती सकाळपासून माझी शीळ मोजमापासारखी वापरीत होती. शीळ चालू आहे, म्हणजे वाट ठीक आहे. तोंड कोरडे पडले होते. दोनदा नुसती हवाच आली. मग शीळ जमली.

अण्णा पुढे येऊन छकड्याबरोबर चालू लागले. चालता चालता त्यांनी चाकाच्या वरच्या कमानीला हात लावला होता, जणू तेच तोल सांभाळीत होते.

"भावजींना सांगा, डोली माघारी धाडा."

"जोयडं दिसू दे," अण्णा तिला ऐकू जाईल असे माझ्याकडे पाहून म्हणाले. "मग बगू."

जोयडे दिसले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होते. अण्णांनी डोलीवाल्यांना वळवले आणि ओळखीच्या घरी भाकरीचे सांगायला पुढे गेले. पुढची सडक, आगगाडी, बेळगाव, तिथले महिने, हे सारे या लेखात येत नाही. सत्यभामा चैत्रात आपल्या पायांनी घरी आली. आस बदलून झाल्यावर त्याच छकड्यातून भात गेले, जत्रा झाल्या, मुले मोठी झाली. ती गेली ती पुष्कळ वर्षांनी, आणि हिवतापाने नव्हे.

त्या संध्याकाळी मात्र यातले काही ठाऊक नव्हते. सकाळी ताप येणार, एवढे ठाऊक होते. मी बैल सोडले, जू टेकणीवर ठेवून छकडा सपाट केला, चाकांना दगड लावले. आत वाकून पाहिले तर ती झोपली होती. तोंड थोडे उघडे. घामाचा मागमूस नव्हता. माघाच्या कोरड्या हवेने लाकूड आटले होते आणि लोखंडी धाव सैल होऊन दोन्ही चाकांवर किणकिणू लागली होती. अशा वेळी गाडी ओढ्यात नेऊन चाके पाण्यात उभी करतात, म्हणजे लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. त्यासाठी छकडा हलवावा लागला असता. अण्णा येऊन म्हणाले, "उठीव तिला. आत निजू दे." मी मानेने नको म्हटले. विहिरीवरून घागर भरून आणली आणि पाणी चाकांवर सोडले. आवाज होऊ नये म्हणून धार आधी तळहातावर घेत होतो. लाकूड पाणी पीत गेले. चार खेपा झाल्या. मग दोन्ही चाकांना ओले गोणपाट गुंडाळले आणि सुतळीने बांधले.